डाव्या पायाचा बूट

उजवा बूट सापडला होता, डावा सापडत नव्हता.

मी पलंगाखाली आडवी. एका हातात बॅटरी, दुसऱ्या हातात उजवा बूट, आणि पाठीवर घोडा घोडा करत बसलेली माझी वर्षाची लेक, शर्वी. बाहेरून सासूबाईंची हाक आली.

"अगं केतकी, चल की! मैदान सुरू व्हायची वेळ झाली."

"आई, हिचा डावा बूट बघितलात का?"

बाहेर बांगड्या किणकिणल्या. मग, "आसंल कुठंतरी. एका बुटावाचून कुणाचं लगीन अडलंय?"

इथंच मी सावध व्हायला हवं होतं. आमच्या सासूबाई म्हणजे हरवलेलं बटण सापडेपर्यंत घास न घेणाऱ्या बाई. त्या 'असेल कुठंतरी' म्हणाल्या म्हणजे वस्तू कुठं आहे हे त्यांना पक्कं ठाऊक आहे, एवढं मला लग्नानंतर एव्हाना कळायला हवं होतं. पण माझ्या डोक्यात त्या दिवशी दुसऱ्याच काळज्या होत्या. काळजी करणं हा तेव्हा माझा पूर्णवेळ धंदा होता. फिजिक्स घेऊन बी.एस्सी. झालेली बाई मी. पण शर्वी झाल्यापासून जगातल्या प्रत्येक वस्तूबद्दल मला दोनच प्रश्न पडायचे. हे पोरीच्या नाकात जाईल का? आणि हे पोरीच्या डोक्यावर पडेल का?

त्यात भर म्हणून रणजित होता, माझा धाकटा दीर.

रणजितला वेगाची बाधा होती. संध्याकाळ झाली की तो आणि त्याची टोळी मोटारसायकली घेऊन बायपासला जायची आणि दोघादोघांत शर्यत लावायची. मागच्याच महिन्यात त्यातला एक जण दिवा नसलेल्या उसाच्या ट्रॉलीवर मागून आदळला होता. त्याच्या पायात अजून सळई होती. तेव्हापासून सासूबाई संध्याकाळी तांदूळ निवडायला ओट्यावर बसायच्या आणि त्यांचे कान बायपासकडे असायचे. रणजितच्या गाडीचा आवाज गल्लीत शिरला की त्या तांदूळ उचलून आत जायच्या. कित्येकदा त्या तांदळात खडे तसेच राहायचे. आम्ही हळूच खडा ताटाच्या कडेला काढून ठेवायचो.

आमचं गाव साखर कारखान्याभोवती वाढलेलं. जुन्या चेअरमनसाहेबांना विमानाची हौस होती, म्हणून कारखान्यामागं एक धावपट्टी होती. साहेब गेले, विमान विकलं गेलं, पट्टी उरली. लोक तिच्यावर मका वाळवायचे.

ती पट्टी बघून माझ्या नवऱ्याच्या, उदयच्या, डोक्यात कल्पना आली. तो कारखान्यात यंत्रांची मीटरं सांभाळायचा. तो म्हणाला, देशात ड्रॅग रेसिंग वाढतंय. जुन्या धावपट्ट्यांवर स्पर्धा होतात, फेडरेशन आहे, राष्ट्रीय अजिंक्यपद आहे, वर्षाचं वेळापत्रक आहे. आपली पट्टी त्या वेळापत्रकात का नको? पोरं बायपास सोडतील. हेल्मेट येईल, अँब्युलन्स येईल, नियम येतील.

हे सगळं त्यानं बाजीनानांना समजावलं. नाना माझे चुलत सासरे, उभ्या पंचक्रोशीत बैलगाडी शर्यतींचे झेंडापंच म्हणून नावाजलेले. नानांच्या हातातला झेंडा खाली आल्याशिवाय एकाही छकड्याचं चाक हलत नसे. पण त्या काळात शर्यतींवर बंदी आली होती आणि नानांचा झेंडा फडताळात घडी होऊन पडला होता. ते रोज सकाळी तो काढायचे, झटकायचे आणि परत ठेवायचे.

उदयनं सांगितलं, "नाना, दोन गाड्या, सरळ पट्टी, पाव मैल. कुठं वळण नाही, काही नाही. कुणी किती वेळात ती कापली, एवढंच."

नाना विचार करून म्हणाले, "म्हंजे छकड्याचंच मैदान की रं. फकस्त बैल पेट्रोल पितोय."

आणि ते कामाला लागले. कमान, मंडप, कर्णे, पिण्याच्या पाण्याचा टँकर, गुलालाची पोती, समालोचनाला पोपटराव. गाव जमवायची विद्या त्यांच्याकडे तयार होती, फक्त बैल बदलायचे होते. फेडरेशननं कळवलं, आधी एक चाचणी स्पर्धा घ्या, आमचं निरीक्षक माणूस येईल. पट्टी पास झाली तर पुढच्या वर्षी राष्ट्रीय फेरी तुमच्याकडे.

रणजितनं आईच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली होती. "पट्टी पास झाली तर बायपासला चाक लावणार नाही."

"आणि नाही झाली तर?" मी विचारलं होतं.

"मग बायपास हायेच की, वहिनी," तो हसत म्हणाला होता. घरात दुसरं कुणी हसलं नव्हतं.

तर त्या दिवशी मी शर्वीच्या एका पायात बूट आणि एका पायात नुसता मोजा, अशा अवतारात तिला काखेत मारून पट्टीवर पोचले. सोबत तिचा पांगुळगाडा. तो नसला तर ती गाव डोक्यावर घेते.

निरीक्षक आले. म्हणजे आल्या. नाना कोशा फेटा घेऊन पुढं झाले आणि गाडीतून पांढरी टोपी, ट्रॅकपँट आणि गळ्यात शिट्टी अशा साठीच्या एक बाई उतरल्या. पुण्याच्या गद्रे मॅडम. आयुष्य विमानांच्या इंजिनांत घालवलेल्या. नाना फेटा हातात धरून तसेच उभे राहिले.

"बांधा की," मॅडम टोपी काढत म्हणाल्या. "पण कान मोकळे ठेवा. मला इंजिन ऐकायचं असतं."

सगळं गाव मॅडमच्या फेट्याकडे बघत होतं. मी त्यांच्या गाडीकडे बघत होते. शर्वीला खाली सोडायचं तर आसपास काय काय लोंबतंय हे मी आधी बघून घेत असे, सवयच. मॅडमच्या गाडीच्या पुढच्या बंपरखाली लिंबू आणि सात मिरच्या लोंबत होत्या. ताज्या.

मी मनात नोंद केली. का केली, तेव्हा माहीत नव्हतं.

मॅडमनी पट्टी पायी तपासली. प्रत्येक गाडीखाली बॅटरी घेऊन झोपल्या, नटबोल्ट हलवून बघितले, पास झालेल्या गाडीवर चिकटपट्टी लावली. मग त्या सुरुवातीच्या रेषेजवळच्या दिव्यांच्या खांबापाशी आल्या. ह्या खांबाला सगळे झाडच म्हणत. एका पट्ट्याचे, म्हणजे एका गाडीच्या वाटेचे, दिवे डावीकडे, दुसऱ्याचे उजवीकडे. रेषेवर जमिनीलगत, चार बोटं उंचीवर, एक अदृश्य किरण आडवा सोडलेला असतो. पुढचं चाक किरणात आलं की झाडाची वरची पिवळी बत्ती लागते, म्हणजे गाडी रेषेवर उभी आहे. हिरवा झाला की सुटायचं. चाक किरणातून बाहेर पडलं की बत्ती विझते आणि त्या गाडीचं घड्याळ सुरू होतं.

"म्हंजे झेंडा न्हाईच?" नानांनी विचारलं. झेंडा त्यांच्या काखेत होता.

"नाही नाना. दिवेच."

"दिव्याला बैल कळतोय का? बैल बिथरला तर दिवा थांबंल का?"

"इथं बैल नाहीत, नाना."

"ते बी खरं," म्हणून नाना बाजूला झाले. झेंडा मात्र काखेतून निघाला नाही.

सकाळभर गाड्या पळाल्या. पोपटरावांचा आवाज कर्ण्यातून फुटत होता. शेवटी त्यांनी पुकारलं ते ज्याच्यासाठी गाव जमलं होतं ते. "उजव्या पट्ट्यावर पाहुणा, कोइमतूरचा सेल्वम! देशभर पट्ट्या गाजवून आलेला वाघ! आणि डाव्या पट्ट्यावर आपला, मातीतला, रणजित शेडगे!"

रणजितनं हेल्मेटची काच खाली घेतली. सासूबाई दोरीपाशी उभ्या होत्या, दोन्ही हातांनी पदराचं टोक घट्ट धरून.

पिवळा. पिवळा. हिरवा. मी शर्वीचे कान दाबले. दोन्ही गाड्या गोळीसारख्या सुटल्या. लांब, पट्टीच्या टोकाला, मला स्पष्ट दिसलं: सेल्वमचं चाक पुढं होतं. हातभरच, पण पुढं.

आणि मग फलकावर वेळ उमटली. रणजितची कमी!

गाव वेडं झालं. गुलालाची अख्खी पाटी कुणीतरी मंडपावरच उधळली. रणजित गाडी फिरवून आला तेव्हा ओळखू येत नव्हता. लोक त्याला उचलायला धावले. त्या गर्दीत सासूबाई सगळ्यांत आधी गाडीपाशी पोचल्या, गाडीच्या पाया पडायला वाकल्या आणि जरा जास्तच वेळ वाकून राहिल्या. उठल्या तेव्हा त्यांच्या पदराच्या टोकाला एक गाठ होती.

गर्दीपासून दूर, रेषेवर, गद्रे मॅडम मात्र जागच्या हलल्या नव्हत्या. त्यांनी शिट्टी फुंकली.

"हे जमत नाहीये," त्या म्हणाल्या.

त्यांनी आधी रेषेकडे, मग फलकाकडे बोट दाखवलं.

"मी रेषेवर उभी होते. दोन्ही चाकं एकदम हलली. घड्याळ म्हणतंय, डावं चाक उशिरा हललं. टोकाला उजवी गाडी पुढं होती. घड्याळ म्हणतंय, डावीला कमी वेळ लागला. माझे डोळे म्हातारे आहेत, मान्य. पण दोन्हीकडे एकाच वेळी फसायला ते तरुण नाहीत."

"मग?" उदयचा चेहरा गुलालातून पांढरा दिसत होता.

"मग एक तर गाडीत काही आहे, किंवा घड्याळात. गाडीत असेल तर रायडर बाद, वर्षभर. घड्याळात असेल तर पट्टी बाद. गाडी शेडमध्ये घ्या."

मॅडमनी गाडी पुढून बघितली, मागून बघितली, खालून बघितली. इंजिनाचं सील शाबूत, टाकीतलं पेट्रोल साधं. काहीही नाही. त्या कपडे झटकत उठल्या.

"गाडी स्वच्छ आहे. म्हणजे घड्याळ. वाईट वाटतंय, पण अशा पट्टीवर मी राष्ट्रीय फेरी देऊ शकत नाही. चहा घेते आणि अहवाल लिहिते."

नाना मंडपाच्या खांबाला टेकून खाली बसले. रणजितनं हेल्मेट गाडीच्या आरशाला अडकवलं आणि त्याच्या टोळीकडे बघून नुसती मान हलवली, बायपासच्या दिशेनं. ती मान सासूबाईंनीही पाहिली, मीही पाहिली.

आणि तेव्हाच शर्वी म्हणाली, "बू!"

'बू' म्हणजे बूट. तिच्याकडे तेव्हा चारच शब्द होते, त्यामुळे ती ते जपून वापरायची. ती आजीच्या पदराकडे बोट दाखवत होती. पदराच्या गाठीतून एक इवलासा निळा वेलक्रो बाहेर डोकावत होता.

माझ्या डोक्यात पिवळी बत्ती लागली.

मी सासूबाईंना मंडपामागं नेलं. "आई, बूट द्या."

"कुठला?"

"पदरातला. कुठं बांधला होता?"

त्यांनी आजूबाजूला पाहिलं. "पुढच्या चाकाच्या मागं. मडगारीला, काळ्या दोऱ्यानं. मॅडमनी चिकटपट्टी लावल्यावर बांधला. बारका तर हाय. कुणाला दिसतोय?"

"आई! पण का?"

"गावभराच्या नजरा पोराव. त्यो कोइमतूरचा तर कसा टक लावून बघत हुता. लोक गाडीला जुनं पायताण बांधत्यात, आपुन ह्यो बांधला. नव्यानं चालाय लागलेल्या लेकराचा बूट, केतकी. पडून पडून उठलेला. त्याच्यासारखी राखण न्हाय."

"मग लगेच काढला का?"

"काम झालं की उतरवायचा आसतो. न्हायतर उलटतंय."

"मला मागायचा तरी."

"तू दिला आसतास?"

"नाही."

"मग?"

ह्यावर फिजिक्समध्ये उत्तर नाही. पण बाकीचं सगळं फिजिक्समध्ये होतं. चाक किरणातून बाहेर पडलं, पण चाकाच्या पाठोपाठ बूट किरणात आला. घड्याळाला वाटलं, चाक अजून रेषेवरच आहे. पापणी लवायला जेवढा वेळ लागतो त्याच्याही एका तुकड्याइतकं ते उशिरा सुरू झालं. म्हणून रणजित 'उशिरा हलला'. म्हणून त्याला 'कमी वेळ लागला'. घड्याळ अगदी बरोबर होतं. फक्त त्यानं रणजितची वेळ नव्हे, शर्वीच्या बुटाची वेळ घेतली होती.

आता काय करायचं? गप्प बसावं, तर पट्टी बाद. बोलावं, तर रणजित वर्षभर बाद. दोन्ही रस्ते बायपासलाच जात होते.

मी शर्वीला काखेत घेतलं आणि गद्रे मॅडमच्या टेबलापाशी गेले. त्या चहात बिस्किट बुडवत होत्या.

"मॅडम, घड्याळ बरोबर आहे."

"आपण?"

"रायडरची वहिनी. आणि बी.एस्सी. फिजिक्स."

"पहिल्या कारणासाठी मी तुमचं ऐकू नये. दुसऱ्यासाठी ऐकते. बोला."

"दाखवते. पण आधी एक विचारू? तुमच्या गाडीखाली लिंबू-मिरची कुणी बांधलीय?"

बिस्किट चहात पडलं.

"माझ्या आईनं," मॅडम हळू आवाजात म्हणाल्या. "नव्वदी पार केलीय. दर शनिवारी वॉचमनकडून बांधून घेते. मी कैकदा काढून टाकली."

"आज नाही काढली?"

मॅडम कपात बिस्किट शोधू लागल्या. "आज घाटातून यायचं होतं."

"तसंच दुसऱ्या कुणाच्या आईनं काही बांधलं असेल, पोराला न सांगता, तर त्या पोराला शिक्षा काय?"

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग शर्वीकडे. मग शर्वीच्या एका पायातल्या बुटाकडे आणि दुसऱ्या पायातल्या मोज्याकडे. इंजिनांत आयुष्य काढलेली बाई ती. तिला सुटा भाग ओळखायला कितीसा वेळ लागणार?

"पुढच्या चाकामागं काही लोंबतं असू नये, असा नियम आहे," त्या सावकाश म्हणाल्या. "मला आजवर वाटायचं, ज्यानं हा नियम लिहिला त्याला रात्री झोप येत नसावी." त्या उठल्या. "पण मला शब्द नको, पुरावा हवाय. आणि ती गाडी मी आता तपासणीशिवाय रेषेवर येऊ देणार नाही."

"गाडी नकोच," मी म्हणाले. "आमच्याकडे दुसरी आहे."

पोपटरावांना मी कानात काय करायचं ते सांगितलं. त्यांनी आयुष्यात अनेक मैदानं गाजवली होती, पण त्या दिवशीचा त्यांचा आवाज पुन्हा कधी लागला नाही, असं ते स्वतःच सांगतात.

"मंडळीऽऽ! कुणी जागा सोडू नका! डाव्या पट्ट्यावर येत आहे एक तीनचाकी! इंजिन नाही! ब्रेक नाही! लायसन तर नाहीच नाही! चालक, कुमारी शर्वी उदय शेडगे! दात सहा!"

पांगुळगाडा रेषेवर आला. पुढचं लाकडी चाक किरणात गेलं आणि झाडाची पिवळी बत्ती लागली. गाव टाळ्या वाजवायला लागलं. शर्वीही टाळ्या वाजवायला लागली, म्हणून गाडा जागेवरच.

"चालक प्रेक्षकांना अभिवादन करताना!" पोपटराव.

हिरवा दिवा लागला. ती ढिम्म. परत लावला. ती खाली बसली आणि मोजा काढायला लागली.

"दिव्याला न्हाय कळत," असं म्हणत नाना उठले. त्यांनी काखेतला झेंडा काढला, झटकला, शर्वीसमोर थोड्या अंतरावर जाऊन उभे राहिले आणि झेंडा वर धरला. लाल कापड वाऱ्यावर फडफडलं. शर्वी बघतच राहिली. उठली. गाड्याचा दांडा धरला.

"हो ऽ ऽ ऽ सुट!" नानांचा झेंडा खाली आला.

पोर खदखदत सुटली. चाक किरणातून बाहेर आलं, बत्ती विझली.

"बघा," मी म्हणाले. "आता हे." आणि बूट काळ्या दोऱ्यानं पुढच्या चाकामागं बांधला. गर्दीत सासूबाईंनी कपाळावर हात मारला.

पुन्हा गाडा रेषेवर. पुन्हा नाना. पुन्हा झेंडा. चाक रेषेच्या पुढं आलं, सगळ्यांना दिसलं. पण बत्ती जळतच होती. मग बूट डुलत डुलत किरणातून बाहेर पडला आणि मगच ती विझली.

मग शर्वीनं खाली वाकून बघितलं, "बू!" म्हणून ओरडली, भर पट्टीवर फतकल मारली आणि बूट ओढायला लागली. त्या हशानं मंडपाचं कापड हाललं.

"मी बांधला हुता," सासूबाई पुढं येऊन म्हणाल्या. आवाज कापत होता, मान नाही. "पोराला ठावं न्हाई. काय करायचं ते मला करा."

रणजित तोंड उघडं टाकून बघत होता. "आई! मला वाटलं मी जिकलो!"

"जिकला न्हाईस," त्या म्हणाल्या. "पडला न्हाईस. तेवढं पुरं की."

गद्रे मॅडमनी पोपटरावांकडून माइक घेतला. "रणजित शेडगे यांची ही वेळ रद्द. त्यांना पुन्हा पळायला मिळेल, बुटाशिवाय. त्यांच्या आईला ताकीद." त्या थांबल्या. "म्हणजे, जिथं जिथं आई आहे तिथं तिथं ताकीद. आता घड्याळाचं. ज्या घड्याळानं एवढ्याशा पोरीचा बूट पकडला, ते चूक ठरवायचं तर मला दुसरं कुठून आणावं लागेल? पट्टी पास."

नानांनी झेंडा हवेत असा काही फेकला की तो झाडाच्या खांबावरच अडकला.

रणजित पुन्हा पळाला आणि सेल्वमकडून हरला, स्वच्छ, हातभर अंतरानं. सेल्वम गाडी लावून सरळ सासूबाईंकडे आला. सगळ्यांना वाटलं, भांडतो की काय. त्यानं जॅकेटची चेन उघडली आणि आतल्या खिशातून विभूतीची पुडी काढून दाखवली. "अम्मा," तो म्हणाला, आणि आपल्या आईची उंची हातानं दाखवली. सासूबाईंनी त्याच्यावरून हात ओवाळून स्वतःच्या कानशिलांवर बोटं मोडली. त्याला काय वाटलं कोण जाणे, तो वाकून पायाच पडला.

मॅडम निघताना सासूबाई त्यांच्या गाडीच्या खिडकीशी गेल्या. हातात बूट. "बाई, गाडीला न्हाई बांधायचा, तर मग कुठं बांधू? आता ह्यो मोकळा ठेवता येत न्हाई."

मॅडमनी थोडा विचार केला. "सुटायच्या वेळी सगळ्यांची नजर कशावर असते?"

सासूबाई वळून झाडाकडे बघायला लागल्या.

तो बूट अजून तिथं आहे. दिव्यांच्या खांबाच्या मागच्या बाजूला, अगदी वर, कुठल्याही किरणाच्या वाटेत न येता. राष्ट्रीय फेरी आता आमच्याकडे दर वर्षी भरते. लुधियानापासून कोइमतूरपर्यंतच्या गाड्या येतात, आणि तपासणीच्या मंडपात पहिल्या टेबलावर सासूबाई बसतात, गळ्यात अधिकृत बिल्ला, मागं खुंट्यांची फळी. ज्याच्या गाडीला जे लोंबत असेल ते त्या स्वतःच्या हातानं सोडवतात आणि खुंटीवर लावतात: लिंबू, मिरच्या, काळ्या बाहुल्या, शंख, घोड्याचे नाल, कुणाच्या बहिणीची जुनी राखी. परत देताना प्रत्येक वस्तूवरून हात फिरवतात. कुणाची कुठली, आजवर एकदाही चुकल्या नाहीत. रणजित पोरांना सुटायला शिकवतो. बायपासवर संध्याकाळी आता फक्त उसाच्या ट्रॉल्या असतात. आणि आमच्या भातात खडे लागत नाहीत.

शर्वी मोठी झाली. मागच्या फेरीला ती झाडाकडे मान वर करून बघत मला म्हणाली, "आई, तू एवढी सायन्सवाली, आणि हे तुला चालतं?"

"आजीचं आहे ते," मी म्हणाले.

"आणि उजवा कुठंय?"

"असेल कुठंतरी," मी म्हणाले.

ती माझ्याकडे जरा रोखूनच बघायला लागली. पोरगी आजीवर गेलीय. पण माझ्या स्कूटरची डिकी ती कशाला उघडून बघेल? तिथं तो मागच्या चाकाच्याही मागं, फडक्यात गुंडाळलेला आहे. कुठला किरण त्याला आडवा जात नाही. मी मोजून पाहिलंय.